सहा जणांचा ग्रुप, पहिलीच बॅककंट्री ट्रिप: ॲव्हलांचपासून सांभाळायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही सहा जण इतकी वर्षं रिसॉर्टमध्ये स्की करताय, आता पहिल्यांदाच बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टच्या बाहेरच्या मोकळ्या डोंगरात, जायचंय, सगळ्यांनी बीकन (गाडलेल्याला शोधायला सिग्नल पाठवणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), शॉवेल (फावडं) घेतलंय, दोघांचा ॲव्हलांच म्हणजे हिमस्खलनाचा कोर्स झालाय, तर सहा जण एकत्र असल्यावर रिस्क कमीच होते ना, आणि एअरबॅग, म्हणजे हँडल ओढलं की फुगणारी पाठीवरची बॅग, पण घ्यावी का. मी बरीच वर्षं ग्रुप घेऊन वर जातोय आणि कोर्सवर शिकवतो पण, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, पण सहाही जणांनी वाचा, फक्त कोर्स झालेल्या दोघांनी वाचून बाकीच्यांना सांगू नका.

सहा जण असले म्हणून रिस्क कमी होत नाही, बऱ्याचदा वाढतेच. दरड कोसळते तेव्हा आपण योगायोगाने तिथे असतो, ॲव्हलांचचं तसं नाही, जीव गेलेल्या अपघातांमध्ये साधारण ९० टक्के वेळा ते बर्फ सुटायला कारण झालेला माणूस म्हणजे त्यात अडकलेला स्वतः किंवा त्याच्याच ग्रुपमधला कोणीतरी असतो. आपणच ते ओढवून घेतो. म्हणजे माणसं वाढली की उतारावर पडणारं वजन वाढलं, थांबायच्या जागा अपुऱ्या पडायला लागल्या, एकमेकांशी बोलणं कमी झालं आणि 'बाकीचे जातायत म्हणजे ठीकच असेल' हे प्रत्येकाच्या डोक्यात शिरलं. आणि गंमत नाही, गाडला गेलात तर वेळेत बाहेर काढू शकणारी माणसं पण हीच, दुसरं कोणी येईपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम आहे ग्रुप कसा वागणार हे ठरवणं, सामानाचा नंबर त्यानंतर.

आधी बर्फाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याला मारणारा ॲव्हलांच बहुतेक वेळा स्लॅबचा असतो, म्हणजे वर वाऱ्याने किंवा नव्या बर्फाने तयार झालेली एकसंध लादी आणि तिच्या खाली एक कच्चा थर. हा कच्चा थर कधी साखरेच्या दाण्यांसारखा सुटा असतो, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, कधी थंड निरभ्र रात्री पृष्ठभागावर जमलेली पिसांसारखी हिमकणांची नक्षी असते जी नंतर पडलेल्या बर्फाखाली दाबली जाते. दिसायला फार सुंदर असते आणि तितकीच वाईट. तुम्ही लादीवर उभे राहिलात की तुमचं वजन खालच्या थरापर्यंत पोचतं, तिथे एक छोटासा तडा जातो आणि तो तडा क्षणात आडवा पसरत जातो, मग अख्खी लादी तुटून निघते, आणि तुटते ती बहुतेक वेळा तुमच्या वरच्या बाजूला, म्हणजे तुम्ही लादीच्या मध्यावर असता. हिशोब करून बघा, अर्धा मीटर जाड आणि ५० मीटर बाय ५० मीटरची लादी, म्हणजे साडेबाराशे घनमीटर, घनमीटरला २०० किलो धरले तरी अडीचशे टन होतात. आणि ही छोटी म्हणावी अशी लादी आहे.

लादी सुटायला उतार लागतो आणि इथेच आपल्या हातात सगळ्यात जास्त असतं. बहुतेक स्लॅब ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि सगळ्यात जास्त ३८ च्या आसपास, म्हणजे नेमकं जिथे स्की करायला सगळ्यात मजा येते तिथेच. बर्फ कसं वागेल याचा अंदाज चुकू शकतो, वीस वर्षं अनुभव असलेल्यांचाही चुकतो, पण उतार किती अंशांचा आहे हे मोजता येतं. छोटं क्लिनोमीटर घ्या किंवा फोनमधलं वापरा, पोल (स्कीची काठी) उतारावर वरून खाली अशा दिशेने टाकून त्यावर ठेवलं की अंश कळतात. डोळ्याने अंदाज करायची सवय लावायची असेल तर आधी अंदाज मोठ्याने बोला आणि मग मोजा, सुरुवातीला चार-पाच अंशांनी तरी चुकाल आणि २८ व ३३ मधला फरक हा जाण्या-न जाण्याचा फरक आहे. नकाशांवर उतार रंगात दाखवणारी लेयर असते ती घरी प्लॅनिंगला छान आहे पण मधला छोटा तीव्र टप्पा त्यात गुळगुळीत होऊन जातो, तेव्हा तिच्यावर शंभर टक्के विसंबू नका.

आणि एक गोष्ट जी नवीन लोक हमखास विसरतात, आपण स्वतः २० अंशांवर असलो तरी डोक्यावर ३५ चा उतार असेल तर आपण ॲव्हलांच टेरेनमध्येच आहोत. कच्चा थर सगळीकडे जोडलेला असला तर खालच्या सपाटीवरूनही वरचा उतार सुटू शकतो, त्यासाठी त्याच्यावर पाय ठेवायची पण गरज नसते. २० एप्रिल २०१३ ला कोलोराडोत लव्हलँड पासजवळ शीप क्रीकला हेच झालं. सहा जण होते, त्या दिवसाचा बुलेटिन, म्हणजे ॲव्हलांचच्या धोक्याचा जाहीर अंदाज, त्यांना माहीत होता, उत्तरेकडच्या उतारांवर खोल कच्चा थर आहे हेही माहीत होतं, तो उतार टाळून पलीकडे सुरक्षित भागात जायचं असंच ठरलं होतं, आणि त्या धोक्याच्या पट्ट्यातून जाताना त्यांनी एकमेकांत साधारण १५ मीटर अंतरही ठेवलं होतं. वरचा उतार सुटला आणि सहाही जण त्यात सापडले. पाच गेले, सहावा अर्धवट गाडलेला होता आणि तो काही तास तसाच अडकून होता, कारण खणायला बाहेर कोणी उरलंच नव्हतं. मी हे प्रत्येक ग्रुपला सांगतो, गेलेल्यांना नावं ठेवायला नाही, त्यांनी आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा जास्त विचार केला होता. पण १५ मीटर म्हणजे काय अंतर आहे, लादी शंभर-दोनशे मीटर रुंद तुटते. अंतर ठेवणं म्हणजे एका वेळी एकच माणूस धोक्याच्या भागात आणि बाकी सगळे पूर्ण बाहेर. मधला एवढा पट्टा असेल की एकेकटं जाण्यात अर्धा तास जाईल तर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर तो रस्ताच सोडा.

आता ग्रुपचं. सहा जण हा आकडा मला पहिल्या ट्रिपसाठी जरा जास्तच वाटतो, मी तीन ते चार जणांत खूश असतो. दोन माणसं असतील तर एक गाडला गेला की खणायला एकटाच, आणि पाचाच्या पुढे गेलं की थांबायला सुरक्षित जागा मिळेनात, पुढचे मागच्यांना दिसेनात. तुम्ही सहा जणच जाणार असाल तर तीन-तीनच्या दोन तुकड्या करा, प्रत्येकीत कोर्स झालेला एक, रेडिओ दोन्हीकडे, आणि दोन्ही तुकड्या एकमेकींच्या वर-खाली कधीच नकोत. दुसरी तुकडी वरच्या उतारावर असताना पहिली खाली जेवत बसलीय हे चित्र मी फार वेळा पाहिलंय.

१९ फेब्रुवारी २०१२ ला वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळच्या टनेल क्रीकला १६ जणांचा ग्रुप उतरला, त्यातले बरेचसे अत्यंत मुरलेले, तो डोंगर तळहातासारखा ओळखणारे. तिघं गेले, एक जण एअरबॅगमुळे वाचली. नंतर जे बाहेर आलं त्यात मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे कित्येकांच्या मनात आधीच शंका होती, एवढे लोक एकदम, काल-परवाच एवढा बर्फ पडलाय, पण इतके मोठे मोठे लोक जातायत म्हटल्यावर कोणी तोंड उघडलं नाही. इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतले शेकडो अपघात तपासून हेच मांडलंय की लोक धोक्याची चिन्हं दिसत असतानाही जातात, कारण जागा ओळखीची असते, कोणावर तरी छाप पाडायची असते, ठरवलेलं बदलायचं नसतं, ग्रुपमध्ये एक 'एक्सपर्ट' असतो, ताजा बर्फ दुसऱ्या कोणी उधळायच्या आत आपल्याला हवा असतो, किंवा दुसरे लोक आधीच तिथे दिसत असतात. ही यादी वाचून 'आपण असे नाही' असं वाटलं तर परत वाचा.

माझंच सांगतो. आम्ही पाच जण होतो, मी तेव्हा शिकवायला लागलो नव्हतो, आणि पुढे आमच्यातला सगळ्यात अनुभवी माणूस. जंगल संपून एक सपाट माळ लागला, तिथे पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज आला आणि अख्खा माळ बोटभर खाली बसल्यासारखा वाटला, पोटात गोळा येतो ना तसं झालं. पुढचा थांबला, मागे वळून बघितलं, आम्ही त्याच्याकडे बघितलं, आणि मग तो परत चालायला लागला. मी दुसऱ्या नंबरवर होतो, मला तो आवाज काय असतो हे पुस्तकातून माहीत होतं, कच्चा थर कोसळल्याचा, याच्याहून स्पष्ट इशारा निसर्ग देत नाही, आणि मी काही बोललो नाही, म्हटलं त्याला माहीतच असेल. दहा-पंधरा मिनिटांनी उताराच्या काठाशी त्याच्या स्कीच्या टोकापासून एक तडा निघाला आणि वीसेक मीटर सुसाट गेला, आणि आमच्या बाजूचा उतार, आमचा नाही, बाजूचा, सगळाच्या सगळा खाली गेला. कोणाला काही झालं नाही. संध्याकाळी खाली आल्यावर विचारलं तर पाचही जणांनी तो आवाज ऐकला होता, आणि पाचही जणांना वाटलं होतं की दुसरं कोणीतरी बोलेल. पुढचा म्हणाला, मला वाटलं तुम्हाला ऐकू आलं नसेल, उगाच घाबरवायला नको. त्या दिवसापासून माझ्या ग्रुपमध्ये नियम आहे की ज्याला धप्प आवाज येईल, तडा दिसेल, आजूबाजूला ताजा ॲव्हलांच दिसेल, त्याने मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांनी तिथल्या तिथे थांबायचं, मग पुढे कोण आहे, कोणाचा किती अनुभव आहे हा प्रश्नच नाही.

याच्याच जोडीने दुसरा नियम, एकाचं 'नाही' पुरेसं आहे. पाच हो आणि एक नाही असेल तर उत्तर नाही. कारण द्यावं लागत नाही, 'मला बरं वाटत नाहीये' एवढं बास. आणि हे गाडीतून उतरायच्या आधी बोलून ठेवा, कारण वर गेल्यावर, ऊन पडलंय, बर्फ भुरभुरीत मस्त, तेव्हा नाही म्हणणाऱ्याला फार जड जातं. मी तर मत विचारताना सगळ्यात नवख्यापासून सुरुवात करतो, अनुभवी माणूस शेवटी बोलतो, नाहीतर त्याने एकदा 'चला' म्हटलं की पुढचे सगळे मान डोलावतात.

आदल्या रात्रीचं काम. त्या भागाचा ॲव्हलांच बुलेटिन सहाही जणांनी वाचायचा, कोणीतरी वाचून 'आज तीन आहे' एवढं सांगितलेलं चालणार नाही. स्केल एक ते पाच आहे पण तीन म्हणजे 'मधलं, म्हणजे ठीक' असं लोकांना वाटतं, आणि खूप मृत्यू याच तीनच्या दिवशी होतात, कारण चार-पाचला लोक घरी थांबतात आणि तीनला जातात. आकड्याच्या खालचा मजकूर जास्त महत्त्वाचा, धोका कोणत्या प्रकारचा आहे, वाऱ्याने रचलेला की खोल कच्च्या थराचा की ओल्या बर्फाचा, कोणत्या दिशेच्या उतारांवर, कोणत्या उंचीच्या वर. त्यावरून आपला रस्ता ठरवा, आणि एकच नाही, दोन-तीन पर्याय ठरवा ज्यात एक पूर्णपणे ३० अंशांच्या खालचा असेल आणि वरूनही काही येणार नाही असा. पर्याय नसला की माणूस हट्टाला पेटतो. तुमच्या पहिल्या ट्रिपसाठी मी सरळ तो ३० च्या खालचाच घ्या म्हणेन, २५ अंशांवर ताज्या बर्फात पण पुरेशी मजा येते, खरंच येते. परत फिरायची वेळ पण ठरवून लिहून ठेवा, वसंतात तर विशेष, कारण ऊन चढलं की सकाळी घट्ट असलेला उतार दुपारी ओला होऊन सुटायला लागतो.

बीकन. ते ४५७ किलोहर्ट्झवर चालतं, जगात सगळीकडे तेच, त्यामुळे कंपन्या वेगळ्या असल्या तरी एकमेकांना सापडतात. आतल्या थरावर बांधायचं किंवा पँटच्या चेनवाल्या खिशात, बॅगेत कधीच नाही कारण बॅग निघून जाते. बॅटरी कंपनीने सांगितलेलीच, बहुतेक बीकन्सना अल्कलाइन, रिचार्जेबल टाकू नका, त्या दाखवतात फुल आणि मग थंडीत एकदम बसतात. फोन, स्मार्टवॉच, गरम होणारे हातमोजे, हे सगळं बीकनला त्रास देतं, बीकन सेंडवर (सिग्नल पाठवत) असताना २० सेंटीमीटर लांब आणि सर्चवर (दुसऱ्याचा सिग्नल शोधत) असताना ५० सेंटीमीटर. शोधताना मी तर फोन बंदच करायला सांगतो, फक्त मदतीला फोन करणाऱ्याचा सोडून. निघताना रोज चेक, एकाने थोडं पुढे जाऊन सर्चवर ठेवून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून त्याच्या समोरून जायचं, मग त्याने सेंडवर टाकून दाखवायचं. दोन मिनिटं लागतात. एकदा मी या चेकमध्ये एकाचं बीकन गाडीतच राहिल्याचं पकडलंय, तो माणूस आमच्यात सगळ्यात काटेकोर होता.

वर चढताना स्किन ट्रॅक, म्हणजे स्कीच्या तळाला न घसरणाऱ्या पट्ट्या लावून चढायची वाट, कसा टाकायचा यावर अर्धी सुरक्षितता अवलंबून असते आणि लोक सगळं लक्ष उतरण्याकडे ठेवतात, पण चढताना आपण हळू असतो, तासन् तास त्या उतारावर असतो. डोंगराच्या सोंडेवरून किंवा धारेवरून जा, दाट झाडीतून जा, घळीतून जाऊ नका. घळ म्हणजे सापळा, वरून थोडंसं बर्फ आलं तरी तिथे साठून दोन-तीन मीटर खोल होतं. तसंच खाली कडा असेल, झाडं असतील, ओढा असेल तर छोटा ॲव्हलांच पण जीव घेतो, कारण सगळेच गुदमरून जात नाहीत, बरेच जण आपटून जातात, आणि आपटलेल्याला बीकनचा काही उपयोग नाही. उताराच्या तोंडाशी आल्यावर मनात एकच प्रश्न विचारा, हे आत्ता सुटलं तर मला कुठे नेऊन टाकेल. धारेवर गेलात तर वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला बर्फाची छपरासारखी पुढे आलेली कड असते, तिच्यापासून वाटतं त्याच्या दुप्पट मागे राहा.

खाली येताना एकेकटं. पोलचे पट्टे मनगटातून काढा, नाहीतर बर्फात पोल नांगरासारखे हात खाली ओढतात. पहिल्याने कुठे थांबायचं हे वरूनच बोट दाखवून ठरवायचं, 'ते मोठं झाड, त्याच्या डावीकडे, सोंडेवर', 'खाली कुठेतरी' नाही. जो उतरतोय त्याच्यावरून बाकीच्यांची नजर हटता कामा नये, फोटो-व्हिडिओ नको, कारण तो शेवटचा कुठे दिसला ही एक गोष्ट शोधायचा अर्धा वेळ वाचवते. आणि पहिला उतरला, काही झालं नाही, म्हणजे उतार चांगला, हे डोक्यातून काढा. लादी सगळीकडे सारखी जाड नसते, जिथे पातळ असते, खडकाजवळ, कडेला, तिथे वजन कच्च्या थरापर्यंत सहज पोचतं, त्यामुळे पाचव्या माणसाने किंवा दहाव्याने सोडवलेले उतार भरपूर आहेत. आधीच्या स्कीच्या खुणा काहीच सांगत नाहीत.

बर्फात खड्डा खणून टेस्ट करावी का, असं कोर्सवाल्या दोघांना वाटणारच. करा, शिकायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट अशी असते की ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल असा बर्फाचा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, एका टोकाला शॉवेल आडवं ठेवायचं आणि त्यावर मनगटातून दहा, कोपरातून दहा आणि खांद्यातून दहा टपल्या मारायच्या. पंधरा-सोळाव्या टपलीला खांबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ पडते आणि वरचा तुकडा अलगद पुढे सरकतो, तो बघितल्यावर पोटातून कळतं हे काय प्रकरण आहे. तिथे हात लावून बघा, तुटलेली बाजू काचेसारखी सपाट असते. पण खड्डा हा फक्त 'नको' म्हणायला वापरा, 'चला' म्हणायला कधीच नाही, कारण दहा मीटर बाजूला बर्फ वेगळं असू शकतं. बुलेटिन नको म्हणतोय, काल ३० सेंटीमीटर पडलंय आणि वारा होता, आणि आपला खड्डा चांगला आला, तर खड्ड्याचं ऐकायचं नाही.

आता सगळं करूनही कोणी ॲव्हलांचमध्ये अडकला तर. स्वित्झर्लंडच्या जुन्या आकड्यांवरून आपण सगळे शिकलो की पूर्ण गाडला गेलेला १५ मिनिटांत बाहेर आला तर वाचायची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास आणि ३५ मिनिटांना ती ३० वर येते. २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विस अभ्यासाने तो सुरुवातीचा वेळ १५ वरून १० मिनिटांवर आणलाय. म्हणजे हेलिकॉप्टर कितीही लवकर आलं तरी त्या दहा मिनिटांत ग्रुपच असतो. एकाने ओरडून ताबा घ्यायचा, कोण हे सकाळीच ठरलेलं असू दे. आधी वर बघा, अजून काही सुटायचं राहिलंय का. किती जण दिसत नाहीत मोजा. मग सगळ्यांनी बीकन सर्चवर, सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी, एकाचं जरी सेंडवर राहिलं तर पूर्ण शोध भलत्या माणसाकडे जातो आणि हे खूप वेळा होतं. एकाने मदतीला फोन, पण माणसं कमी असतील तर आधी शोध.

शेवटचा दिसला तिथून खालच्या बाजूला, बर्फावर पडलेला हातमोजा, स्की जे दिसेल ते बघत जायचं, एकटाच शोधत असेल तर नागमोडी पट्ट्यांत, पट्ट्यांत ४० मीटरपेक्षा जास्त अंतर नको. सिग्नल मिळाला की बीकनवरच्या बाणाच्या मागे पळा, तो सरळ नेत नाही, वळणाने नेतो, गडबडू नका. बीकनवरचा मीटरचा आकडा १० च्या खाली आला की चालण्याचा वेग कमी, ३ च्या खाली आला की गुडघ्यावर, बीकन बर्फाला टेकवून, न फिरवता, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अधिकचं चिन्ह काढल्यासारखं सरकवत सगळ्यात लहान आकडा शोधायचा. लोक इथेच पळत राहतात आणि पुढे निघून जातात. तिथे प्रोब बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात, मग २५ सेंटीमीटरच्या अंतराने गोल वाढवत. माणसाला लागलं की वेगळं कळतं, जमिनीसारखं टणक लागत नाही, दबून परत येतं. लागलं की प्रोब काढायचा नाही, तिथेच राहू द्या.

खरा वेळ खणण्यात जातो. ॲव्हलांच थांबल्यावर त्यातलं बर्फ ताज्या बर्फासारखं राहत नाही, काही मिनिटांत असं घट्ट होतं की हाताने ओरखडासुद्धा येत नाही, म्हणून धातूचं शॉवेल. प्रोबच्या डोक्यावर उभं राहून खाली खणत बसू नका, त्याने आतल्या माणसाची हवेची जागा दाबली जाते आणि खड्डा विहिरीसारखा होतो. प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूला, जेवढा खोल तेवढं किंवा दीडपट अंतर मागे जाऊन, तिथून आडवं आत खणायचं. एक जण टोकाला, बाकीचे मागे इंग्रजी व्ही च्या आकारात, पुढच्याने ठोकळे कापून मागे ढकलायचे, मागच्यांनी वल्हं मारल्यासारखं आणखी मागे, उचलून फेकायचं नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी पुढचा बदला, दमायच्या आधीच बदला. डोकं लागलं की आधी तोंड आणि नाकातलं बर्फ काढा, छातीवरचा भार काढा, श्वास नसेल तर सीपीआर, आणि ॲव्हलांचमध्ये तोंडाने श्वास देणं खूप महत्त्वाचं आहे कारण माणूस हवा न मिळाल्यामुळे बंद पडलेला असतो. मग ऊब, आणि हलवताना अगदी हळू, झटके नाहीत.

एअरबॅगचं विचारलंत. घ्या, जमत असेल तर जरूर घ्या. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात गंभीर ॲव्हलांचमध्ये सापडलेल्यांत मृत्यूचं प्रमाण बॅग न फुगलेल्यांत २२ टक्के आणि फुगलेल्यांत ११ टक्के निघालं, म्हणजे निम्मं. पण निम्मं म्हणजे शून्य नाही, आणि त्याच अभ्यासात दर पाचात एका वेळी बॅग फुगलीच नाही, त्यातही बहुतेकदा माणसाने हँडल ओढलंच नाही म्हणून. त्यामुळे घेतलीत तर हातमोजे घालून हँडल ओढायची सवय करा, चढताना ते बाहेर काढलेलं आहे ना बघा, आणि बॅग आहे म्हणून पाच अंश जास्तीचा उतार घेऊ नका. घळीत आणि झाडांत बॅग फारसं काही करत नाही.

ट्रिपच्या आधीचं एक काम लगेच करा. सपाट सुरक्षित बर्फात एक बीकन सेंडवर ठेवून डब्यात बंद करून जुन्या बॅगेत घाला, ती बॅग एकाने बाकीच्यांच्या नकळत मीटरभर खोल पुरा आणि वरचं बर्फ पायाने तुडवून घट्ट करा. मग ज्यांचा कोर्स झालेला नाही त्या चौघांना पाठवा, कोर्सवाल्या दोघांनी बाजूला उभं राहायचं, कारण प्रत्यक्षात गाडले जाणारे ते दोघंही असू शकतात. घड्याळ लावा, बॅग बाहेर येईपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. पहिल्यांदा माझ्या बहुतेक ग्रुप्सना वीस मिनिटांच्या वर लागतात. ते दहाच्या आत आलं की मग वर कुठे जायचं ते मला परत विचारा, कुठला भाग, किती चढ आणि बुलेटिन काय म्हणतोय ते लिहा, आपण नकाशा समोर ठेवून बघू.